कोरा चहा

बाटलीत कोरा चहा असतो, पोरा,
थंड केलेला, दोनदा गाळलेला.
दिव्यासमोर धरून बघ: कडेला तांबूस दिसला
तर व्हिस्की. मधोमध काळपट दिसला
तर ओतून दे, पुन्हा उकळ.

बर्बँकच्या या स्टुडिओत, आठ नंबरच्या शेडमध्ये
मी, काझिस वेन्स्कुस, सामानवाला,
सतरा वर्षं गुंडांना पाजतो आहे.
एकालाही चढलेली नाही.

सिगारेटी मोजपट्टी लावून काप.
दाराशी उभा आहे तोवर अख्खी.
'तुझा भाऊ कुठंय?' विचारेपर्यंत अर्धी.
खुर्ची मागे सरकली की पेरभर.
जेवून येऊन तोच प्रसंग पुन्हा घेतात,
आणि थोटूक मधेच वाढलं तर माणूस
उलटा जगत गेल्यासारखा दिसतो.
तेवढी सवलत आपल्याकडे कुणालाच नाही.

कोण कसा, हे लिहिणाऱ्यांना तिसऱ्या रिळात कळतं.
मला पहिल्या घोटात.
काडी ओढून जो आधी दुसऱ्याची शिलगावतो
तो मरणार, बहुतेक गोदीवर, बहुतेक पाठीत गोळी.
मोठा साहेब चिरूट पेटवतच नाही;
टोक कापतो, ओठांत फिरवतो,
काड्या घेऊन धावणाऱ्यांची घाई बघतो.
नवा पोरगा एका दमात ग्लास रिकामा करतो
आणि डोळ्यांतलं पाणी लपवायला हसतो.
त्याच्या चहात मी चिमूटभर मिरपूड टाकतो.
नटाला सांगत नाही.

आणि जो ग्लासवर पालथा पंजा ठेवून
'नको' म्हणतो, हळू, घरी आलेल्या पाहुण्यासारखा,
त्याची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव.
पाठ उघडी टाकून तो बसणार नाही.

बायकांचं वेगळं. म्हणजे, वेगळं नाहीच.
स्वतःची काडी स्वतः ओढणारी
शेवटापर्यंत टिकते. सेन्सॉरला ते खपत नाही,
म्हणून मग तिला चर्चमध्ये नेऊन बसवतात.

एकदा हार्टसेलसाहेब ओरडला:
रागावलाय ना तो? मग ग्लास आपटू दे!
मी म्हटलं, नाही साहेब. अलगद ठेवतो.
बूड आधी एका कडेनं टेकवतो,
मग सावकाश सरळ. आवाज येत नाही.
घेऊन बघितलं. शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.
कुठून सुचतं तुला, म्हणाला.
मी थोटकं गोळा करत होतो.

विल्क्स-बारीला, खाणकामगारांच्या लाकडी घरात,
पगाराच्या शनिवारी मी जिन्याखाली बसून ऐकायचो.
ग्लास आपटला, तर बाबा गाणार,
विल्नियसच्या आठवणीनं रडणार, बुटांसकट झोपणार.
आवाज आलाच नाही
तर धाकट्या मोर्ताला उचलून खाली तळघरात,
बटाट्यांच्या पोत्यांमागे, तिच्या तोंडावर माझा हात.
नऊ वर्षांचा होतो. पटकथा कुणी दिली नव्हती.

असो. काल रात्री भांडी विसळताना
एका कपाला खरा वास आला. राय.
पाद्री झालेल्या एल्मर ट्विचेलचा पत्र्याचा कप,
ज्यात मी स्वतः बिनदुधाची कॉफी भरली होती.
फाशीच्या कोठडीत कैद्याचा हात धरून
सात वेळा त्यानं तीच प्रार्थना म्हटली,
एक शब्द इकडचा तिकडे नाही.
हात कसा स्थिर, म्हणून सगळे वाखाणत होते.

मी कुणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस.
उद्या त्याच्या कपाच्या बुडाला खडूची खूण कर,
आणि तो खाली ठेवतो कसा
तेवढं मला येऊन सांग.
माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.